दशावताराची डीव्हीडी आणि कॉपीचा प्रश्न : कामाच्या नोंदी

2 ऑक्टोबर 2012

गणपती आटोपले, चाकरमानी मुंबईला परतले, आता डिस्कचं काम परत हातात घेतलंय. आमच्या इकडच्या एका दशावतारी कंपनीच्या नाटकांच्या डीव्हीडी आम्ही दोघं भाऊ मिळून काढतो, शूटिंग आमचं, एडिटिंग आमचं, बर्निंग घरीच, फक्त कव्हर तेवढं कुडाळला छापून घेतो. या मोसमात दोन नवीन आख्यानं, म्हणजे पुराणातल्या कथांवरची नाटकं, काढायची आहेत आणि त्याआधी कॉपीच्या प्रश्नाचा काहीतरी निकाल लावायचाय. जे वाचलं, जे करून बघितलं ते सगळं इथे लिहून ठेवणार, म्हणजे उद्या कोणाला डबलबारी भजनाची नायतर नमनाच्या खेळाची डिस्क काढायची असेल तर त्याला परत पहिल्यापासून शोधत बसायला नको.

प्रश्न नक्की कोणाचा आहे ते आधी बघूया. एक म्हणजे घरातला भाचा, मामाने आणलेली डिस्क कॉम्प्युटरला घालतो आणि दोन कॉप्या काढतो, एक आत्याला एक शेजाऱ्यांना, त्यात त्याला काही वावगं वाटतच नाही. दुसरा बाजारातला मोबाईलवाला, तो वीस-तीस रुपयात मेमरी कार्ड भरून देतो, त्यात गाणी, पिक्चर, भजनं आणि आमचं अख्खं नाटक. तिसरा मोठा चोर, हजारोंनी डिस्का काढून विकणारा, पण तो दशावताराच्या वाटेला येत नाही कारण त्याला लागतो तेवढा धंदा यात नाही. तेव्हा मला अडवायचंय ते पहिल्या दोघांना, आणि त्या दोघांनाही एकच औषध लागू पडेल असं काही नाही.

6 ऑक्टोबर

सगळे पहिल्यांदा हेच विचारतात की पिक्चरच्या ओरिजिनल डीव्हीडीला लॉक असतं, नुसत्या फाइल्स उचलून हार्ड डिस्कवर टाकल्या तर चित्राचा चिखल दिसतो, तसं आपल्या डिस्कला का नाही करता येत. त्या लॉकचं नाव सीएसएस, कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम. यात व्हिडिओचा डेटा घुसळून ठेवतात आणि तो परत सरळ करायच्या किल्ल्या डिस्कवरच असतात, त्यातली मुख्य किल्ली डिस्कच्या अगदी आतल्या भागात, ज्याला लीड-इन म्हणतात तिथे. आपण जी कोरी डीव्हीडी-आर बाजारातून आणतो तिच्यात किल्लीची ती जागा कारखान्यातच वापरून टाकलेली असते, आपल्या बर्नरला तिथे काही लिहिता येत नाही. मुद्दाम तसं केलंय, कारण तिथे लिहिता आलं असतं तर कोणीही पिक्चरची डिस्क किल्लीसकट जशीच्या तशी उतरवली असती. म्हणजे जी गोष्ट मोठ्या कंपन्यांना वाचवते तीच आपल्याला लॉकपासून लांब ठेवते.

सीएसएस पाहिजे असेल तर डिस्क बर्न न करता प्रेस करून घ्यायची, म्हणजे काचेचा मास्टर, त्यावरून स्टँपर आणि मग साच्यातून डिस्का. प्रेसवाले हजार नगांची भाषा करतात, वर लायसनची भानगड वेगळी. आमचं एक आख्यान पूर्ण मोसमात काही शेकड्यांत जातं, तेव्हा हा रस्ता बंद.

आणि परवडलं असतं तरी मी घातलं नसतं. सीएसएसची किल्ली 40 बिटची, आजच्या हिशेबाने अगदीच तोकडी, आणि 1999 मध्येच डीसीएसएस नावाचा छोटा प्रोग्राम बाहेर आला आणि लॉक उघडं पडलं. त्या प्रकरणात नॉर्वेच्या जॉन लेक योहानसेन या मुलाचं नाव गाजलं, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, त्याच्यावर खटला चालला आणि 2003 मध्ये तो निर्दोष सुटला. आज कॉपी करायची फुकट सॉफ्टवेअर हे लॉक वापरणाऱ्याला कळायच्या आत काढून टाकतात. आमच्या भाच्याला तिथे लॉक होतं हेसुद्धा समजणार नाही.

10 ऑक्टोबर

मॅक्रोव्हिजन वाचून काढलं. हे कॅसेटच्या काळातलं, व्हीसीआर ज्या सर्किटने चित्राची पातळी आपोआप सांभाळतो त्या सर्किटलाच गोंधळात टाकायचं, मग दुसऱ्या कॅसेटवर उतरवलेलं चित्र मधेच उजळ मधेच काळोखं होतं. डीव्हीडीत डिस्कवर फक्त खूण असते आणि खरा गोंधळ प्लेअरमधली चिप घालते, त्यालाही लायसन लागतं. हे सगळं वायरने जोडून रेकॉर्ड करणाऱ्याला अडवायला, आणि आमच्याकडे कोणीच वायरने रेकॉर्ड करत नाही, डिस्क सरळ कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये जाते. सोडलं.

रीजन कोडचं, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणाऱ्या आकड्याचं, भावाने काढलं म्हणून लिहितो. भारत रीजन 5 मध्ये, आखाती देश रीजन 2 मध्ये. आमची गिऱ्हाइकं मस्कतला आहेत, दुबईला आहेत, शिरोड्याची माणसं तिथे सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून नाटक बघतात. रीजन घातलं तर अडणार ती हीच माणसं, आणि आपल्या बाजारातले स्वस्त प्लेअर सगळे रीजन चालवतात तेव्हा इथला कॉपीवाला मोकळाच. आमची डिस्क सगळ्या रीजनला चालणार, यावर चर्चा नको.

16 ऑक्टोबर

आता जे उपाय घरच्या बर्नरवर होऊ शकतात ते.

मोठ्या कंपन्यांनी सीएसएस फुटल्यावर दुसरा रस्ता धरला, सोनीचं आर्कॉस आणि मॅक्रोव्हिजनचं रिपगार्ड, रिपगार्ड 2005 मध्ये आलं. दोन्हींची कल्पना साधारण सारखी. डीव्हीडी प्लेअर डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही, तो आयएफओ फाइलमध्ये लिहिलेल्या वाटेने जातो, या तुकड्यावरून त्या तुकड्यावर. मग त्या वाटेत न येणाऱ्या जागी मुद्दाम खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे डेटाचे छोटे तुकडे, ठेवायचे, प्लेअर तिकडे फिरकणार नाही आणि सगळी डिस्क वाचायला गेलेला कॉम्प्युटर मात्र तिथे अडकेल. दुसरा भाग म्हणजे खोटी टायटलं (टायटल म्हणजे डिस्कवरचा एक स्वतंत्र व्हिडिओ), फाइल्सचे आकडे असे फुगवायचे की 4.7 जीबीच्या डिस्कवर चाळीस-पन्नास जीबी दिसतील.

खराब सेक्टर आपल्याला जमत नाहीत. डीव्हीडीवर 16 सेक्टरचा एक ब्लॉक होतो आणि त्याचा चूक-दुरुस्तीचा कोड बर्नर स्वतः हिशेब करून लिहितो, त्याला चुकीचा कोड लिही असं सांगायची सोय साध्या ड्राइव्हमध्ये नाही. काही लोक डिस्कच्या कडेला मार्करने नायतर सुईने ओरखडा मारतात. ते मी करणार नाही, आपल्या हाताने आपल्या मालावर ओरखडा मारून तो गिऱ्हाइकाला विकायचा हे मनाला पटत नाही.

खोटी टायटलं मात्र जमली. रिकामी टायटलं घातली, फाइल्सच्या यादीत एकाच जागेकडे बोट दाखवणारी नावं घातली, विंडोजमध्ये डिस्क फुगून दिसायला लागली, फाइल्स ओढून कॉपी करायला गेलं की जागा कमी पडते म्हणून थांबतं. भाऊ खूश झाला. मग मी त्याच डिस्कची डिस्कवरून डिस्क काढली, फाइल्स नाही, सरळ पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, आणि ती पाच-सहा मिनिटात निघाली, खोट्या टायटलांसकट, आणि छान चालली.

इथे सगळं गणित स्पष्ट होतं. आपल्या बर्नरला जे लिहिता येतं ते भाच्याच्या बर्नरलाही लिहिता येतं. बर्न केलेल्या डिस्कवर घातलेली कुठलीही युक्ती कॉपीबरोबर कॉपीत उतरते. प्रेस केलेल्या डिस्कचं लॉक टिकायचं तेवढे दिवस टिकलं ते याच्यामुळेच की तिच्यावर एक गोष्ट अशी होती जी घरी लिहिता येत नव्हती, आपल्या डिस्कवर तशी गोष्टच नाही. त्यामुळे डुप्लिकेशनवाले डीव्हीडी-आरसाठी प्रोटेक्शन म्हणून जे काही विकतात त्याने फाइल ओढणारा नवशिका थांबेल, इमेज काढणारा थांबणार नाही.

23 ऑक्टोबर

उद्या दसरा. गेले काही दिवस खोट्या टायटलांची डिस्क आणि साधी डिस्क घेऊन वाड्या-वाड्यांत फिरलो, ओळखीपाळखीच्यांकडे, पाव्हण्यांकडे, परुळे, म्हापण, वालावल, आरवली. कॉम्प्युटरवर काय होतं ते कळलं होतं, लोकांच्या घरातल्या प्लेअरवर काय होतं ते बघायचं होतं.

नवीन प्लेअरवर दोन्ही चालल्या. जुन्यांवर वेगवेगळ्या तऱ्हा, कुठे मेनूच येत नाही, कुठे अर्ध्या तासाने चित्र थिजतं, एका ठिकाणी लोडिंग-लोडिंग करत राहिला आणि शेवटी नो डिस्क म्हणाला. खारी हवा, दमट हवा, लेन्सवर बुरशी, त्यात लाइट जाते-येते, आमच्या इकडचे प्लेअर आधीच कसेबसे चालतात, त्यांना सरळ रस्ता दिला तरच ते पोचतात. म्हापणच्या मावशीने डिस्क काढून हातात दिली आणि म्हणाली, "ह्या लागणा नाय रे बाबू, तुझी आदली कॅसेट कशी बरी लागा होती." तिच्यासाठी अजून ती कॅसेटच. मावशी गुडघ्यांमुळे रात्रभर जत्रेत बसू शकत नाही, तिने पैसे देऊन डिस्क घेतली, आणि तिलाच नाटक दिसलं नाही, आणि ज्याने कॉपी काढली त्याला मात्र सॉफ्टवेअरने सगळं साफ करून दिलं. हे लॉक पैसे मोजणाऱ्यावरच बसतं.

2005 मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीड्यांवर एक्ससीपी नावाचा प्रकार घातला होता, सीडी घातली की लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारा प्रोग्राम जायचा, त्यावरून एवढा गदारोळ झाला की डिस्का परत मागवाव्या लागल्या. त्या सीड्या विकत घेणाऱ्यांनाच त्रास झाला होता. मी ठरवलंय, डिस्कवर लॉक नाही, खोटी टायटलं नाहीत, ऑटोरन, म्हणजे डिस्क घालताच आपोआप चालू होणारा प्रोग्राम, तर नाहीच. उलट चालण्याची खात्री वाढवायची. चांगल्या प्रतीची डिस्क घ्यायची, 16 एक्सच्या वेगाने न जाळता (म्हणजे बर्न न करता) 8 एक्सवर जाळायची, आणि डीव्हीडी+आर वापरलीच तर बुक टाइप, म्हणजे डिस्क कुठल्या जातीची ते प्लेअरला सांगणारी नोंद, डीव्हीडी-रॉम करून घ्यायचा, जुने प्लेअर मग कुरकुर कमी करतात.

बिटरेटचंही, म्हणजे व्हिडिओला सेकंदाला किती डेटा मिळतो त्याचंही, इथेच लिहितो. नाटक साधारण चार तासांचं, एका 4.7 च्या डिस्कवर कोंबलं तर सेकंदाला 2.6 मेगाबिटच्या आसपास मिळतं, युद्धाच्या प्रवेशात आणि ट्रिकसीनमध्ये धूर सोडला की सगळे चौकोन चौकोन. दोन डिस्का केल्या तर 5.2 च्या आसपास, त्यात मुकुटाची किनार दिसते, डोळ्यातलं काजळ दिसतं. दोन डिस्का करणार. खर्च वाढतो पण ओरिजिनल घेणाऱ्याला कॉपीपेक्षा काहीतरी चांगलं मिळालं पाहिजे, मेमरी कार्डवर 320 बाय 240 मध्ये ते येणार नाही.

2 नोव्हेंबर

कंपनीच्या मालकांकडे बसलो, राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका, करणारे काका होते, पेटीवाले बुवा होते. कॉपी झाली की नुकसान कोणाचं होतं ते त्यांच्याबरोबर बोलल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं.

दशावतारात लिहून दिलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, आणि मग रंगमंचावर उभं राहिलं की समोरचा काय बोलतो त्यावर आपण काय बोलायचं ते तिथल्या तिथे, पुराणं, ओव्या, श्लोक सगळं पाठ असावं लागतं आणि वेळेवर सुचावं लागतं. पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात, संकासुर होतो, मग मध्यरात्रीनंतर आख्यान रंगात येतं, पहाटेपर्यंत. तेव्हा डिस्कवर जे आहे ते त्या माणसाचं त्या रात्रीचं बोलणं आहे, परत तसंच दुसऱ्या रात्री तोही बोलणार नाही. आणि कलाकाराला मिळते ती नाईट, म्हणजे त्या रात्रीचे पैसे, मोसम संपला की पावसात शेती नायतर मिळेल ते काम. आम्ही डिस्कमागे कंपनीला वाटा देतो, तो सगळ्यांत वाटला जातो, रक्कम मोठी नसते पण पावसाळ्यात उपयोगी पडते असं पेटीवाले बुवा म्हणाले. हे ऐकल्यावर मला या कामाचा आळस करता येत नाही.

स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका, करणारा मुलगा मात्र वेगळं बोलला. "दादानू, माझी गाणी लोकांच्या मोबायलात असत म्हणान माका लांबच्या गावातसून नाटकाक बोलावणी येतत. अगदी बंद करू नकात." तोही खरं बोलतोय. मोबाईलवर फिरलं म्हणून नाव होतं आणि नाव झालं की सुपाऱ्या वाढतात. काकांना ते पटलं नाही, ते म्हणाले नाव माझं झालं आणि पैसा दुकानदाराचा झाला. दोघांचं ऐकून असं ठरलं की कॉपी फिरेल तिथे कंपनीचं नाव गेलंच पाहिजे, आणि जो कॉपी विकून पैसे करतो त्याच्यापर्यंत आपल्याला पोचता आलं पाहिजे. घरातल्या भाच्याच्या मागे लागायचं नाही.

9 नोव्हेंबर

म्हणजे आता लॉकच्या जागी खूण. चित्रातच कंपनीचं नाव आणि एक नंबर घालायचा, कॉपी कशीही काढली, कितीही बारीक केली तरी तो तिच्याबरोबर जाईल.

फक्त डिस्कवर छापलेला नंबर उपयोगाचा नाही, डिस्कच्या नावात घातलेला नंबर मोबाईलसाठी कन्व्हर्ट केला की गेला, सबटायटल म्हणून घातला तर तेही कन्व्हर्ट करताना सुटतं. पिक्सेलमध्येच पाहिजे. कोपऱ्यात लोगो कायम ठेवला तर लोक कडा कापून टाकतात नायतर वर स्वतःचा लोगो चिकटवतात, दुकानदारांनी आमच्या एका जुन्या डिस्कवर आपल्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर चिकटवलेला मी बघितलाय. शिवाय कायमचा लोगो बघणाऱ्याला खुपतो.

आकाराचा हिशेब असा. डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576, मोबाईलवाला ते 320 बाय 240 करतो, जुन्या फोनसाठी 176 बाय 144. अक्षर मूळ चित्रात 40 ओळींचं ठेवलं तर 240 मध्ये ते साधारण 17 ओळींचं राहतं, नीट वाचता येतं, 144 मध्ये 10, डोळे बारीक करून वाचता येतं. त्यापेक्षा लहान ठेवण्यात अर्थ नाही. जागा तीन ठेवल्या, पूर्वरंग संपून आख्यान सुरू होतं तिथली पाटी, दोन प्रवेशांच्या मधला पडदा, आणि शेवटी श्रेयनामावलीत सगळ्या कलाकारांच्या नावांबरोबर. पाटी काळ्यावर पांढरी नको, मागे नाटकातलंच दृश्य आणि गायन चालू, म्हणजे ती कापली तर गाणं तुटतं आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

सुरुवातीला सूचना येते ती स्किप करता येऊ नये म्हणून डीव्हीडीत सोय असते, बटणं बंद करायची. ती नाही वापरली. सूचना थोडक्यात आणि मालवणीत ठेवली, काकांच्या आवाजात, राजाच्या वेषात, की ही डिस्क घेतलात तर त्यातला वाटा आमच्या घरात जातो. स्किप करायची असेल त्याने करावी.

19 नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत काम उरकलं. प्रत्येक डिस्कला वेगळा नंबर द्यायचा विचार होता पण मग प्रत्येक डिस्कची इमेज वेगळी, टॉवरमध्ये, म्हणजे एकदम अनेक डिस्का काढणाऱ्या मशिनमध्ये, एका मास्टरवरून सात निघतात ते बंद, एकेक जाळत बसायचं, जत्रांच्या दिवसांत ते होणार नाही. म्हणून दुकानवार नंबर. प्रत्येक विकणाऱ्याला त्याची स्वतःची बॅच, त्या बॅचमधल्या सगळ्या डिस्का सारख्या, पाटीवर त्या बॅचचा नंबर. कोणाकडच्या डिस्कवरून कॉपी सुरू झाली एवढं कळलं तरी आम्हाला पुरे.

करायची पद्धत ज्याला पाहिजे त्याच्यासाठी. पूर्ण नाटक परत एन्कोड करायचं नाही, त्याला अख्खी रात्र जाते. पाटीचे तुकडे वेगळे कापून ठेवले, फक्त तेवढे एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने नंबर घालून परत एमपेग-2 मध्ये काढायचे, आवाज 192 किलोबिटचा एसी-3, मुख्य भागाला आहे तसाच, नाहीतर जोडावर खट्ट होतं. मग डीव्हीडीऑथर या प्रोग्राममध्ये एकाच टायटलखाली क्रमाने तुकडे लावायचे, मुख्य भाग, पाटी, मुख्य भाग. इमेज तयार करायची, आधी कॉम्प्युटरवर जोड तपासायचे, मग टॉवर. सगळं लिनक्सवर, फुकट सॉफ्टवेअरमध्ये. एका बॅचला थोडा वेळ जातो, तेवढ्यात चहा होतो.

24 नोव्हेंबर

आज कार्तिकी एकादशी. मेहुणे वकील आहेत, त्यांच्याकडे कव्हरचा मजकूर दाखवायला गेलो होतो. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात कलम 52 ए असं आहे की व्हिडिओवर आणि तिच्या डबीवर काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कोणाचा त्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराची परवानगी घेतल्याचं लिहिलं पाहिजे. सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागत असेल तिथे त्याची प्रतही. गावोगावच्या बहुतेक डिस्कांवर यातलं काहीच नसतं, मग कॉपीवाल्याकडे बोट दाखवायला आपण उभे कुठे राहणार.

यावर्षी जूनमध्ये कायद्याची दुरुस्ती लागू झाली. 65 ए म्हणजे हक्काच्या रक्षणासाठी घातलेलं लॉक तोडणं आणि 65 बी म्हणजे हक्काची माहिती पुसणं, दोन्हीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आम्ही लॉक घालत नाही तेव्हा पहिलं आमच्या कामाचं नाही. दुसरं मात्र आहे, कारण कृतीचं नाव, कलाकाराचं नाव, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि ते दर्शवणारा नंबर ही त्या माहितीत येतात. मेहुण्यांनी एक बारीक गोष्ट दाखवली, ज्या युक्तीने वापरणारा ओळखायचा ती त्या व्याख्येत धरत नाहीत. म्हणजे नुसता दुकानाचा नंबर छापून भागणार नाही, त्याच पाटीवर कंपनीचं नाव, आख्यानाचं नाव आणि आमचं नाव-पत्ता पाहिजेच. पाट्या परत केल्या.

त्यांनी आणखी सांगितलं की कलाकारांची लेखी संमती घ्या, कायद्यात त्यांचा स्वतंत्र हक्क आहे आणि व्यापारी वापरात त्यांना रॉयल्टी मिळायला पाहिजे असंही नव्या दुरुस्तीत आहे. प्रत्येकाचा एक पानी कागद मराठीत केला, वाट्याचा आकडा त्यातच. हे खरं तर पहिल्या डिस्कपासून प्रत्येक कंपनीने मागून घ्यायला पाहिजे.

1 डिसेंबर

त्रिपुरारी झाली, जत्रा सुरू. देवळासमोर मालवणी खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत आमचं टेबल. नवीन आख्यान दोन डिस्कांचं 60 रुपयांना ठेवलं, आधी एकाच डिस्कचे 100 घेत होतो. हा भावाचा हट्ट. तो म्हणतो 2007 मध्ये मोझर बेअरने पिक्चरच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 ला काढल्या तेव्हा आमच्या बाजारात लोक ओरिजिनल हातात घ्यायला लागले होते, लॉकने जे झालं नाही ते किमतीने झालं. कोरी डिस्क, कव्हर, पाऊच, कंपनीचा वाटा सगळं धरून 60 मध्ये सुटतं, थोडंच पण सुटतं. कार्ड भरायला वीस-तीस लागतात, त्यापेक्षा थोडे जास्त देऊन टीव्हीवर स्वच्छ दिसणार असेल तर माणूस विचार करतो. आणि काका आख्यान संपल्यावर मुकुट काढून पहाटे स्वतः टेबलाशी येऊन उभे राहिले, त्यांच्या हातून डिस्क घ्यायला गर्दी झाली.

22 डिसेंबर

पहिली कॉपी सापडली. एका रिक्षावाल्याच्या फोनमध्ये, कंपनीचं नाव स्पष्ट, नंबर वाचता आला, कुठल्या दुकानाला दिलेली बॅच ते लगेच कळलं. नंबर वाचता येणं हीच या सगळ्या कामाची परीक्षा होती आणि ती 320 च्या चित्रात पास झाली.

दुकानात गेलो तो भांडायला गेलो नाही. दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाइक कार्ड घेऊन येता, आमी नाय म्हटला तर बाजूक जाता, आमी काय करूचा?" बरोबर आहे त्याचं. लोकांना प्लेअरपेक्षा फोनवर पाहिजे आहे आणि आम्ही फोनवर देतच नव्हतो. त्याच्याशी असं बोललो की मोबाईलची फाइल आम्हीच चांगली करून देतो, प्रवेश वेगवेगळे कापून, आवाज नीट, पाट्यांसकट, आणि तो ती कार्डवर भरेल तेव्हा दर वेळचे दहा रुपये आमचे, त्यातला वाटा कंपनीचा. वहीत लिहिणार. तो खरं लिहिल की नाही यावर भावाचा विश्वास नाही. मला वाटतं निम्मं जरी लिहिलं तरी आजपर्यंत जे शून्य होतं त्यापेक्षा बरं, आणि ज्याच्याशी आपला हिशेब आहे तो बाजूच्या दुकानात फुकट फिरणारी कॉपी बघून गप्प बसणार नाही.

13 जानेवारी 2013

आणखी दोन दुकानं फाइल घ्यायला तयार झाली, एकाने नाही म्हटलं, त्याला पुढची बॅच देणार नाही.

एक नवीन प्रकार समोर आलाय ज्याला आमचा नंबर लागू नाही. लोक जत्रेत पुढे बसून फोनवर स्वतःच शूटिंग करतात आणि तेच एकमेकांना ब्लूटूथने देतात. चित्र हलतं, आवाजात कुजबुज, पण आख्यान कालचंच असतं आणि आमची डिस्क यायला महिना लागतो. त्याला उत्तर म्हणजे आपण लवकर काढायचं. आख्यानाचं शूटिंग झाल्यापासून आठवड्यात डिस्क टेबलावर आली पाहिजे. आता आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो दोन कॅमेऱ्यांचं चित्र आणि पेटी-पखवाजाचा वेगळा घेतलेला आवाज जुळवण्यात. पुढच्या शूटिंगला नाटक सुरू व्हायच्या आधी झांजेचा एक ठोका दोन्ही कॅमेऱ्यांसमोर घ्यायचा, तो धरून आवाज जुळवला की ते काम एका बैठकीत होईल. बुवांना सांगून ठेवलंय. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख जाहीर झालीय का ते बघून त्याच्या आत दुसरं आख्यान बाहेर काढायचं, बॅचचे नंबर परवा भावाबरोबर बसून ठरवणार.